स्पर्धा थांबली, वय थांबले नाही

२४ डिसेंबर २०२१. नाताळच्या आदल्या दिवशी आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने एक निर्णय जाहीर केला. करोनाच्या ओमायक्रॉन या नव्या प्रकाराचा प्रसार वेगाने होत असल्याने जानेवारी २०२२ मध्ये सुरू होणाऱ्या महासंघाच्या सर्व स्पर्धा रद्द करण्यात आल्या. त्यांत अठरा वर्षांखालील मुलींच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचाही समावेश होता. स्वीडनमधील लिनशोपिंग आणि म्योल्बी या दोन शहरांत ८ जानेवारीपासून ही स्पर्धा व्हायची होती.

त्यानंतर दोनच दिवसांनी, २६ डिसेंबर रोजी, कॅनडातील एडमंटन आणि रेड डीअर येथे वीस वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा मात्र ठरल्याप्रमाणे सुरू झाली. महासंघ तोच, साथ तीच, आठवडाही तोच. मुलींची स्पर्धा जानेवारीत होती म्हणून रद्द झाली आणि मुलांची डिसेंबरात होती म्हणून वाचली, असे या निर्णयाचे वरवरचे स्पष्टीकरण देता येत होते. कागदावर ते खरेही होते. पण मुलींची स्पर्धा रद्द होण्याची ही पहिली वेळ नव्हती. आदल्या वर्षीची, म्हणजे २०२१ ची स्पर्धाही झाली नव्हती. सलग दुसऱ्या वर्षी मुलींना घरी बसावे लागणार, हे स्पष्ट होताच कॅनडा आणि अमेरिकेच्या आजी-माजी ऑलिंपिक खेळाडूंनी जाहीर नाराजी व्यक्त केली आणि क्रीडाजगतात एक जुनाच वाद नव्याने पेटला.

एखादी स्पर्धा रद्द होण्याने एवढे काय बिघडते, असा प्रश्न सामान्य वाचकाला पडू शकेल. महासाथीच्या काळात विम्बल्डन रद्द झाले, ऑलिंपिक वर्षभर लांबले. मात्र वयोगटाच्या स्पर्धेचे गणित निराळे असते. प्रौढ खेळाडू पुढच्या वर्षी पुन्हा मैदानात उतरू शकतो. सतरा वर्षांची मुलगी पुढच्या वर्षी अठरा वर्षांची झालेली असते आणि ते दार तिच्यासाठी कायमचे बंद होते. हे समजून घेण्यासाठी या खेळाची आणि या स्पर्धेची रचना पाहावी लागेल.

बर्फावरचा वेग

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ध्यानचंद आणि हिरवे मैदान उभे राहते. आइस हॉकीचे नाते त्या खेळाशी नावापुरतेच आहे. सुमारे ६० मीटर लांब आणि २६ ते ३० मीटर रुंद अशा, चहूबाजूंनी फळ्यांचे कुंपण असलेल्या बर्फाच्या पटांगणावर हा खेळ चालतो. या पटांगणाला रिंक म्हणतात. चेंडूऐवजी कडक रबराची चपटी, गोल चकती असते. तिला पक म्हणतात. तिचा व्यास ७.६२ सेंटीमीटर, जाडी २.५४ सेंटीमीटर आणि वजन १५६ ते १७० ग्रॅम असते. बर्फावर ती उसळू नये म्हणून सामन्यापूर्वी ती गोठवून ठेवतात.

एका वेळी प्रत्येक संघाचे सहा खेळाडू बर्फावर असतात. एक गोलरक्षक, दोन बचावपटू आणि तीन आघाडीचे खेळाडू. सामना वीस-वीस मिनिटांच्या तीन भागांत खेळला जातो. पायांत स्केट घालून पूर्ण वेगाने धावण्यात एवढी शक्ती खर्च होते, की खेळाडू साधारण पाऊण मिनिटातच दमून बाहेर येतात आणि ताज्या दमाचे सहकारी आत उतरतात. ही अदलाबदल खेळ न थांबवता, धावत्या सामन्यातच होते. नियमभंग करणाऱ्या खेळाडूला बहुधा दोन मिनिटे बाजूच्या कक्षात बसावे लागते आणि तेवढा वेळ तिच्या संघाला एका खेळाडूविना झुंजावे लागते. प्रतिस्पर्ध्याला मिळणाऱ्या या संधीला पॉवर प्ले म्हणतात. क्रिकेटरसिकांच्या ओळखीचा हा शब्द या खेळात नित्याचा आहे.

मुलामुलींच्या खेळात एक महत्त्वाचा फरक आहे. पुरुषांच्या आइस हॉकीत प्रतिस्पर्ध्याला अंगाची जोरदार धडक देऊन पकवरून दूर करणे हा खेळाचाच भाग मानला जातो. महिलांच्या १९९० च्या पहिल्या जागतिक स्पर्धेत तशी मुभा होती. त्यानंतर ती काढून घेण्यात आली. पकसाठी खांद्याला खांदा लावून झगडता येते, पण केवळ आपटण्याच्या हेतूने दिलेल्या धडकेला शिक्षा होते. त्यामुळे महिलांच्या खेळात स्केटिंगचे कौशल्य, अचूक पास आणि जागेचे भान यांना अधिक महत्त्व आले. संपूर्ण चेहरा झाकणारा मुखवटाही मुलींना सक्तीचा आहे.

एकतीस वर्षांचे अंतर

आइस हॉकीचा ऑलिंपिक प्रवेश १९२० मध्ये अँटवर्प येथे झाला. महिलांना मात्र ऑलिंपिकसाठी १९९८ पर्यंत, नागानोच्या हिवाळी स्पर्धेपर्यंत थांबावे लागले. त्याआधी १९९० मध्ये ओटावा येथे महिलांची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. लोकांचे लक्ष वेधले जावे म्हणून यजमान कॅनडाच्या खेळाडूंना तेव्हा गुलाबी पोशाख देण्यात आला होता. अंतिम सामन्यात कॅनडाने अमेरिकेला ५-२ असे हरवले. नागानोत अमेरिकेने ३-१ असा विजय मिळवून पहिले ऑलिंपिक सुवर्ण जिंकले.

कनिष्ठ गटात हे अंतर अधिकच ठळक दिसते. वीस वर्षांखालील मुलांची अधिकृत जागतिक स्पर्धा १९७७ पासून भरते. अठरा वर्षांखालील मुलांची १९९९ मध्ये सुरू झाली. मुलींच्या वाट्याला पहिली कनिष्ठ जागतिक स्पर्धा आली ती जानेवारी २००८ मध्ये, कॅनडातील कॅलगरी शहरात. म्हणजे मुलांच्या पहिल्या कनिष्ठ स्पर्धेनंतर तब्बल एकतीस वर्षांनी. आठ संघांच्या त्या स्पर्धेत अमेरिकेने अंतिम सामन्यात कॅनडाला ५-२ असे नमवून पहिले विजेतेपद पटकावले.

भारतीय वाचकांना यात काही नवल वाटू नये. क्रिकेटमध्ये एकोणीस वर्षांखालील मुलांचा विश्वचषक १९८८ मध्ये सुरू झाला. मुलींचा पहिला विश्वचषक २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत झाला आणि शफाली वर्माच्या नेतृत्वाखाली भारताने तो जिंकला. तेथे अंतर पस्तीस वर्षांचे होते.

आरंभीच्या काळातच मुलींच्या या स्पर्धेने देशोदेशी बस्तान बसवले. २००९ मध्ये जर्मनीतील फ्युसेन, २०१० मध्ये शिकागो, २०११ मध्ये स्टॉकहोम, २०१४ मध्ये बुडापेस्ट आणि २०१९ मध्ये जपानमधील ओबिहिरो असा तिचा प्रवास झाला. अव्वल आठ संघांच्या गटाखाली इतर देशांसाठी वेगवेगळ्या श्रेणी निर्माण झाल्या. खालच्या श्रेणीत जिंकणारा संघ वर चढतो, वरच्या श्रेणीत शेवटचा आलेला खाली घसरतो. त्यामुळे पदकांच्या शर्यतीत नसलेल्या देशांच्या मुलींनाही दरवर्षी जिंकण्यासाठी काहीतरी असते. डावपेच ठरतात, तयारी होते, सरकारी अनुदानाची मागणी करायला आधार मिळतो.

जन्मवर्षाचा हिशेब

या स्पर्धेत वय दिवसांवर मोजले जात नाही, तर जन्मवर्षावर मोजले जाते. ज्या वर्षी स्पर्धा होते, त्या वर्षात खेळाडूला अठरा वर्षे पूर्ण होत असली तरी ती पात्र ठरते. त्याहून मोठी असेल तर अपात्र. २०२० च्या स्पर्धेसाठी २००२ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुली पात्र होत्या. २०२१ साठी ही मर्यादा २००३ होती आणि २०२२ साठी २००४.

प्रत्यक्षात एका मुलीला या स्पर्धेची फार तर दोन-तीन वर्षे मिळतात. त्यातही पहिल्या वर्षी ती पंधरा-सोळा वर्षांची असते. तिच्यापुढे संघातील जागेसाठी एक-दोन वर्षांनी मोठ्या, अधिक उंच, अधिक बळकट मुली असतात. त्या वयात एका वर्षाचा फरक शरीरावरही दिसतो आणि खेळावरही. म्हणूनच बहुतेक मुलींची संघात निवड होते ती अखेरच्या पात्र वर्षात, सतराव्या वर्षी.

आता २००३ मध्ये जन्मलेल्या मुलीचा विचार करावा. २०२० च्या ब्रातिस्लाव्हा येथील स्पर्धेच्या वेळी ती सोळा वर्षांची होती. तिला संघात जागा मिळाली नाही, तेव्हा प्रशिक्षकांनी तिला सांगितले असणार की पुढचे वर्ष तुझे आहे. ते पुढचे वर्ष आलेच नाही. २०२२ उजाडले तेव्हा तिचे वय निघून गेले होते. तिच्यासाठी स्पर्धा लांबली नव्हती. ती संपली होती.

२००४ मध्ये जन्मलेल्या मुलींची अवस्था थोडी वेगळी होती. त्यांचे एक वर्ष गेले होते आणि दुसरे, अखेरचे वर्षही २४ डिसेंबरच्या निर्णयाने हातचे जाणार होते. या मुलींच्या बाबतीत मात्र महासंघाला चूक सुधारायला थोडा वेळ होता. डिसेंबर २०२२ पर्यंत केव्हाही स्पर्धा घेतली, तरी त्या पात्र राहणार होत्या.

एका आठवड्याचे मोल

ही स्पर्धा जेमतेम आठवडाभर चालते. सामने बहुधा लहान रिंकवर होतात आणि प्रेक्षक बेताचेच असतात. तरीही मुलींच्या आयुष्यात या आठवड्याला मोठी किंमत आहे. कारण तेथे दोन गोष्टी ठरतात. पुढील शिक्षण आणि राष्ट्रीय संघ.

अमेरिकेत १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगभेद करण्यास मनाई केली. त्याचा मोठा परिणाम महाविद्यालयीन खेळांवर झाला. पुढे मुलींसाठी आइस हॉकीचे संघ निघाले, क्रीडा शिष्यवृत्त्या सुरू झाल्या आणि २००१ पासून महिलांची राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धाही भरू लागली. आज अमेरिकी विद्यापीठांच्या संघांत कॅनडा, फिनलंड, स्वीडन, चेकिया, स्लोव्हाकिया अशा देशांतील मुली खेळताना दिसतात. महागडे शिक्षण आणि उत्तम प्रशिक्षण एकत्र मिळण्याचा तो राजमार्ग आहे. विद्यापीठांचे प्रशिक्षक सर्व देशांच्या मुलींना एकाच ठिकाणी, एकमेकींविरुद्ध खेळताना पाहू शकतात, ते या स्पर्धेतच. कॅनडातील वा अमेरिकेतील मुलगी घरच्या स्पर्धांतही त्यांच्या नजरेस पडू शकते. एखाद्या लहान युरोपीय देशातील मुलीला मात्र ही खिडकी क्वचितच उघडी मिळते.

दुसरी गोष्ट राष्ट्रीय संघाची. कॅनडाची मारी-फिलिप पुलँ २००८ च्या पहिल्याच स्पर्धेत खेळली होती. दोनच वर्षांनी, व्हँकुव्हरच्या २०१० च्या ऑलिंपिकमध्ये, अंतिम सामन्यात कॅनडाने अमेरिकेला २-० असे हरवले आणि ते दोन्ही गोल अठरा वर्षांच्या पुलँचे होते. पुढे २०१४ च्या सोची आणि २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्येही सुवर्ण निश्चित करणारा गोल तिच्याच स्टिकवरून निघाला. अमेरिकेची केंडल कॉइन हीदेखील २००८ च्या त्याच स्पर्धेतून पुढे आलेली खेळाडू. २०१८ मध्ये तिने ऑलिंपिक सुवर्ण जिंकले आणि जानेवारी २०१९ मध्ये पुरुषांच्या नॅशनल हॉकी लीगच्या कौशल्य स्पर्धेत सर्वांत वेगवान स्केटरच्या शर्यतीत उतरणारी ती पहिली महिला ठरली. एक फेरी तिने १४.३४६ सेकंदांत पूर्ण केली.

जानेवारी २०२४ मध्ये उत्तर अमेरिकेत महिलांची नवी व्यावसायिक लीग सहा संघांनिशी सुरू झाली. २०२५-२६ च्या हंगामात व्हँकुव्हर आणि सिअ‍ॅटल यांची भर पडून संघांची संख्या आठ झाली. म्हणजे या खेळात आता मुलींना पोटापाण्याचा मार्गही दिसू लागला आहे. त्या मार्गाच्या तोंडाशी कनिष्ठांची ही स्पर्धा उभी आहे.

दोन देशांची सत्ता आणि तिला गेलेले तडे

या स्पर्धेवर टीका करणारे म्हणतात, की जिंकणार कोण हे आधीच ठरलेले असते. आकडे त्यांच्या बाजूने आहेत. २००८ ते २०२५ या काळात झालेल्या सतरा स्पर्धांपैकी नऊ अमेरिकेने आणि आठ कॅनडाने जिंकल्या. तिसऱ्या देशाला सुवर्णपदक एकदाही मिळाले नाही. २००८ ते २०१७ पर्यंतचा प्रत्येक अंतिम सामना या दोघींतच झाला.

या दोन देशांमधील झुंज मात्र कधी एकतर्फी राहिली नाही. २००९, २०१०, २०१३, २०१५, २०१६, २०१९ आणि २०२० अशा सात अंतिम सामन्यांचा निकाल जादा वेळेत, एका गोलाने लागला. ओबिहिरोत कॅनडाने ३-२ अशी बाजी मारली, तर पुढच्याच वर्षी ब्रातिस्लाव्हात अमेरिकेने २-१ असा हिशेब चुकता केला.

२०१८ मध्ये रशियातील दिमित्रोव्ह येथे पहिल्यांदा हे चित्र बदलले. स्वीडनने अंतिम फेरी गाठली आणि कॅनडाला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. अंतिम सामना अमेरिकेने ९-३ असा जिंकला. २०२३ मध्ये स्वीडनमधील ऑस्टरसुंड येथे यजमान संघाने उपांत्य सामन्यात अमेरिकेला धक्का दिला. अंतिम सामन्यात मात्र कॅनडाने त्यांचा १०-० असा धुव्वा उडवला. २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधील त्सूग येथे चेकियाच्या मुलींनी कॅनडाला हरवून प्रथमच अंतिम फेरीत धडक मारली. तेथे अमेरिकेने ५-१ असा विजय मिळवला. २०२५ मध्ये फिनलंडमधील व्हांता येथे कॅनडाने अमेरिकेला ३-० असे नमवून विजेतेपद मिळवले आणि चेकियाने कांस्यपदक घेतले.

संघ मागे असला तरी एखादी मुलगी पुढे जाऊ शकते, हे ऑस्टरसुंडमध्ये दिसले. स्लोव्हाकियाची नेला लोपुशानोव्हा तेव्हा चौदा वर्षांची होती. गोलजाळीच्या मागे जाऊन तिने पक स्टिकच्या पात्यावर उचलून घेतला आणि बर्फाला न टेकवता वरच्या कोपऱ्यातून जाळीत टाकला. पुरुषांच्या खेळातही हा गोल क्वचितच पाहायला मिळतो. स्लोव्हाकियाला पदक मिळाले नाही, पण स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान या मुलीला मिळाला. ती स्पर्धा झाली नसती तर तिचे कौशल्य जगापुढे येण्यास आणखी किती काळ लागला असता, हा प्रश्न २०२१ आणि २०२२ च्या पार्श्वभूमीवर आपोआप मनात येतो.

साथ सर्वांना, बंदी कोणाला?

महासाथीच्या काळात कोणत्या स्पर्धा वाचल्या आणि कोणत्या बुडाल्या, याची यादी पुरेशी बोलकी आहे. वीस वर्षांखालील मुलांची २०२१ ची स्पर्धा एडमंटनमध्ये प्रेक्षकांविना, सर्व संघांना बाहेरच्या जगापासून वेगळे ठेवून पार पडली. अठरा वर्षांखालील मुलांची स्पर्धा २०२१ च्या वसंतात अमेरिकेतील टेक्सास राज्यात झाली. त्याच वर्षीची अठरा वर्षांखालील मुलींची स्पर्धा मात्र रद्द झाली आणि तिला पर्यायी तारीखही मिळाली नाही. महिलांच्या वरिष्ठ गटाची २०२० ची जागतिक स्पर्धा रद्द झाली होती. २०२१ ची स्पर्धा नोव्हा स्कॉशिया प्रांताच्या सरकारने ऐन वेळी परवानगी नाकारल्याने कोलमडली आणि अखेर ऑगस्टमध्ये कॅलगरी येथे घेण्यात आली.

महासंघाची बाजूही ऐकली पाहिजे. प्रत्येक निर्णयाला त्या त्या वेळी कारण होते. ओमायक्रॉनचा फैलाव खरोखरच वेगाने होत होता. एखादी खेळाडू बाधित आढळली तर अल्पवयीन मुलींना परदेशात विलगीकरणात ठेवावे लागले असते. जानेवारीतल्या मुलांच्या खालच्या श्रेणींतील स्पर्धाही त्याच निर्णयाने रद्द झाल्या होत्या. शिवाय डिसेंबरात सुरू झालेली मुलांची मुख्य स्पर्धाही तग धरू शकली नाही. संघांत बाधित आढळू लागल्याने २९ डिसेंबरला, अवघ्या तीन-चार दिवसांत ती थांबवावी लागली. त्यामुळे मुलींची स्पर्धा घ्यायलाच हवी होती, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

खरा प्रश्न पैशाचा आहे. वीस वर्षांखालील मुलांची स्पर्धा कॅनडात नाताळच्या सुट्टीतील उत्सव मानली जाते. दूरचित्रवाणीचे हक्क, प्रायोजक, मोठ्या स्टेडियममधील तिकीटविक्री या साऱ्यांतून तिला उत्पन्न मिळते. त्या पैशावर चाचण्या, हॉटेले, विमाने, संघांना वेगळे ठेवण्याची व्यवस्था असा महागडा बंदोबस्त उभा करता येतो. मुलींच्या स्पर्धेला असे उत्पन्न नाही. तिच्यावर खर्चच होतो. साहजिकच संकट आले की कमाई करणारी स्पर्धा वाचवण्यासाठी मार्ग शोधला जातो आणि खर्चाची स्पर्धा पहिल्याच फटक्यात रद्द होते. यात कोणाचा दुष्टपणा असावा लागत नाही. हिशेबाची वहीच तसे सुचवते.

पण त्या वहीत एक दुष्टचक्र दडलेले आहे. मुलींच्या स्पर्धेला प्रेक्षक नाहीत म्हणून तिच्यावर पैसा खर्च होत नाही. पैसा खर्च होत नाही म्हणून ती लहान रिंकवर, फारशा प्रसिद्धीविना होते. प्रसिद्धी नाही म्हणून प्रेक्षक वाढत नाहीत. मुलांच्या स्पर्धेने १९७७ पासूनच्या काळात जे कमावले, ते २००८ मध्ये जन्मलेल्या स्पर्धेने एवढ्यात कमावावे, ही अपेक्षा मुळातच अन्यायाची आहे. शिवाय दर वेळी संकट आले की तीच थांबवली, तर तिला मोठे होण्याची संधी मिळणार तरी केव्हा?

जूनमधला बर्फ

या वेळी आवाज उठला तो मात्र वाया गेला नाही. महासंघाने निर्णयाचा फेरविचार केला आणि २०२२ ची स्पर्धा त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन आणि मिडल्टन या शेजारशेजारच्या शहरांत घेण्याचे ठरले. थांबवलेली मुलांची स्पर्धाही ऑगस्टमध्ये एडमंटन येथे नव्याने खेळवण्यात आली.

बाहेर उन्हाळा आणि आत बर्फ अशा वातावरणात ६ ते १३ जून या काळात मुलींचे सामने रंगले. ब्रातिस्लाव्हानंतर जवळपास अडीच वर्षांनी ही स्पर्धा होत होती. त्यामुळे जवळजवळ सर्व संघ नव्यानेच उभे राहिले होते. आधीच्या स्पर्धेचा अनुभव असलेल्या मुली बहुतेक वयाने बाद झाल्या होत्या. एरवी मोठ्या मुली धाकट्यांना सांभाळून घेतात, दडपणाखाली कसे खेळायचे ते शिकवतात. ती साखळीच तुटली होती. युक्रेनवरील आक्रमणानंतर महासंघाने रशियाला स्पर्धांतून वगळले होते, त्यामुळे २०२० मध्ये कांस्यपदक मिळवणारा तो संघही नव्हता. अंतिम सामन्यात कॅनडाने अमेरिकेला ३-२ असे हरवले. फिनलंडने कांस्यपदक मिळवले.

२००४ मध्ये जन्मलेल्या मुलींना अशा रीतीने त्यांची स्पर्धा मिळाली. २००३ च्या मुलींना ती मिळाली नाही. त्यांपैकी काहींना विद्यापीठांनी आधीच हेरले असेल, काही पुढे वरिष्ठ संघात पोहोचतील. पण जी मुलगी सतराव्या वर्षी बहरणार होती, जिच्या देशात या स्पर्धेखेरीज तिला कोणी पाहायला येत नव्हते, तिचे काय झाले याची नोंद कोठेही सापडणार नाही. न झालेल्या स्पर्धेत गुणतक्ता नसतो.

लडाखच्या तळ्यावरून

हे सारे भारतापासून फार दूरचे वाटू शकेल. भारत १९८९ पासून या महासंघाचा सदस्य आहे. मात्र २०२५ पर्यंत भारतीय मुलींनी अठरा वर्षांखालील जागतिक स्पर्धेच्या कोणत्याही श्रेणीत भाग घेतलेला नाही. आपल्याकडील महिलांचा वरिष्ठ संघ २०१६ मध्ये तैपेई येथील आशियाई चॅलेंज करंडकात पहिल्यांदा उतरला. त्यातील बहुतेक खेळाडू लडाखच्या होत्या. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवरील लेहमध्ये, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर त्यांनी हा खेळ शिकला होता. नैसर्गिक बर्फ दोन महिने टिकतो आणि मग वितळतो. उरलेले दहा महिने सरावाला रिंक नाही, अशी त्यांची स्थिती होती. २०१७ मध्ये बँकॉक येथे फिलिपिन्सला ४-३ असे हरवून या संघाने पहिला आंतरराष्ट्रीय विजय नोंदवला. २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथे आशिया करंडकाचे कांस्यपदक मिळवले.

या मुलींपुढचा प्रश्न युरोपातल्या मुलींपेक्षा निराळा आहे. त्यांच्यासाठी कनिष्ठांची स्पर्धा रद्द होण्याचा प्रश्नच येत नाही, कारण तेथपर्यंत जाण्याची वाटच अजून तयार झालेली नाही. बारा-तेरा वर्षांच्या लडाखी मुलीपुढे सतराव्या वर्षी गाठायचे असे काही नसेल, तर वरिष्ठ संघाची वाट पाहत खेळात टिकून राहणे तिला अवघड जाते. शिक्षण, घरकाम आणि लग्न यांची वये ठरलेली असतात. खेळाचे वय मात्र कोणी ठरवून दिलेले नसते.

कनिष्ठ गटाच्या स्पर्धेचे खरे काम हेच आहे. पदके मोजणे हे तिचे दुय्यम काम झाले. सतरा वर्षांच्या मुलीला ‘या वर्षी, या आठवड्यात, तू येथे हवी आहेस’ असे सांगणारी ती तारीख असते. विस्कॉन्सिनमध्ये ती तारीख पाच महिने उशिरा आली आणि तरीही स्टेडियममध्ये आई-वडील, प्रशिक्षक, महाविद्यालयांची माणसे येऊन बसली होती. पुढचे संकट कोणते असेल आणि केव्हा येईल, हे कोणालाच सांगता येत नाही. ते येईल तेव्हा कोणती स्पर्धा आधी थांबवायची, हा निर्णय घेणाऱ्यांच्या समोर जमाखर्चाच्या वहीबरोबर त्या मुलींची जन्मवर्षेही असावीत, एवढीच अपेक्षा आहे.